उजव्या हाताची डावी गाठ

४ ऑक्टोबर

दादा,

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. ‘नऊ बंदरं’चा सातवा आणि शेवटचा खंड गेल्या आठवड्यात गुरुवारी आला. मी रजा टाकली आणि वाचून संपवला.
२. शिंपली राजाची मुलगी नाही. राजाची मुलगी पाळण्यातच गेली होती. तिची कबर पुस्तकात सापडते आणि शंकेला जागा राहत नाही.
३. शिंपलीला होडीवालीने वाढवलं. एक हिवाळा नव्हे, तान्ही असल्यापासून.
४. हे मी तिसऱ्या खंडापासून सांगत आले आहे.
५. तू पैज हरलास.
६. बाबांना यातलं काहीही माहीत नाही. त्यांना कोणी सांगायचं नाही.

चार वर्षं तू इंटरनेटवरच्या वाचकांच्या कट्ट्यावर दिसलेला नाहीस, म्हणून थोडी उजळणी करते. राजवाड्याची अधिकृत हकिगत अशी होती की एका होडीवालीने सहा वर्षांची एक मुलगी, म्हणजे शिंपली, नदीपार आणून फाटकाशी सोडली. मुलगी तिला कुठेतरी सापडली होती, तिने एक हिवाळा सांभाळली, बस. मग ही मुलगी कोणाची? यावर कट्ट्यावर जेवढी भांडणं झाली तेवढी त्या नऊ बंदरांवरसुद्धा झाली नसतील. बहुतेकांचं मत, आणि तुझंही, की ती राजाची हरवलेली मुलगी. पुरावे म्हणजे करडे डोळे, मानेवरचा तीळ आणि ते अंगाईगीत. करडे डोळे त्या पुस्तकात निदान चाळीस जणांना आहेत हे मी तेव्हाही सांगितलं होतं. तू म्हणालास, इंचपट्टी, तू पुस्तक वाचत नाहीस, तपासतेस.

माझा पुरावा एकच होता. शिंपली उजवी आहे. लिहिते, जेवते, तलवार चालवते ती उजव्या हाताने. दुसऱ्या खंडात तिचा डावा हात झोळीत असतो आणि सबंध खंडभर तिचं काही अडत नाही. पण दोर हातात आला की ती तो डाव्या हाताने गुंडाळते आणि गाठही डावीकडे आवळते. पहिल्या खंडात, तिसऱ्यात आणि पाचव्यात. आपल्या कट्ट्याच्या हेडमास्तरांनी लेखिकेच्या चुकांची जी यादी चालवली आहे, त्यात ही अकरावी चूक: ‘लेखिकेला शिंपलीचा हात लक्षात राहत नाही.’ सगळे हसले होते. तूसुद्धा.

माझं काम तुला माहीत आहे. तुटलेले बोल्ट, दांडे, बेअरिंगं आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि ती का तुटली हे मी सांगते. निष्काळजीपणाच्या चुका विखुरलेल्या असतात. आज इथे, उद्या तिथे. तोच भाग त्याच जागी पुन्हा पुन्हा तुटत असेल तर त्यामागे कारण असतं. लेखिका शिंपलीचा हात विसरत असती तर कधीतरी चमचाही डाव्या हातात गेला असता. तो एकदाही जात नाही. फक्त दोर जातो. पुस्तकात डावखुरी बाई एकच आहे, होडीवाली. उजव्या हाताच्या मुलीला दोर डावा गुंडाळायची सवय एका हिवाळ्यात लागत नाही. बोलायला लागायच्याही आधीपासून कोणाच्या तरी बाजूला बसावं लागतं.

पैजेच्या अटी तू विसरला असशील असं मला वाटत नाही. तरी सांगते: हरणाऱ्याने शेवटचा खंड दुकानात बसून बाबांना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचा. आई साक्षीला होती, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत.

पहिले सहा खंड आपण आळीपाळीने वाचले आणि शिलाई मशीन दुरुस्त करता करता बाबांनी ते सगळे ऐकले. राजा, चेटकीण, लढाया यांचं त्यांना काही नसायचं. मधेच मान वर करून विचारायचे, “ती होडीवाली काय करतेय?” आता सातवा मी वाचायला घेतला तर त्यांनी समोरचं मशीन चालू केलं. मी थांबले, तर त्यांनी बंद केलं. मी पुन्हा सुरुवात केली, तर पुन्हा चालू. परवा एक गिऱ्हाईक बाई आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलीच्या हातात हाच खंड. ती म्हणाली, आजोबा, शेवटी काय होतं माहितीये का? बाबांनी तिन्ही मशीनं एकदम चालू केली.

तुझा पत्ता कसा मिळाला ते नंतर सांगेन.

इंचपट्टी

१५ ऑक्टोबर

दादा,

कार्ड मिळालं. तीन ओळी: ‘जन्म कोणी दिला ते पुस्तकात कुठेच नाही. पैज लागू होत नाही. पत्ता कोणी दिला?’

यावरून मी तीन निष्कर्ष काढले. तू पुस्तक विकत घेतलंस. आठवड्याच्या आत संपवलंस. आणि कबरीचं पान पुन्हा पुन्हा वाचून वाट शोधलीस, ती सापडली नाही, म्हणून ही पळवाट काढलीस. तिसरा निष्कर्ष अंदाज आहे, पण मी तुला लहानपणापासून ओळखते.

कार्ड आईने आधी पाहिलं. वाचलं, उलटं करून पाहिलं, परत सुलटं केलं. मी म्हटलं, मागे काही नाही. ती म्हणाली, “अक्षर किती बिघडलंय याचं.” आणि कार्ड घेऊन आत गेली. ते आता माझ्याकडे नाही, त्यामुळे वरच्या तीन ओळी मी आठवून लिहिल्या आहेत. शब्द इकडेतिकडे झाले असतील तर कळव.

आता तुझा मुद्दा. हा प्रश्न तू पुस्तकाबद्दलच विचारला आहेस असं धरून उत्तर देते.

मी साक्षीदाराची जबानी घेतली. आईला आपली पैज शब्दन् शब्द आठवते. तू म्हणालास, शिंपली राजाची. मी म्हटलं, शिंपली होडीवालीची. जन्माचा विषय ना तू काढलास ना मी. त्यावर तुझं वाक्य, हेही आईनेच सांगितलं, की राजवाड्यात ओळख पटेल तेव्हा तुझी ती होडीवाली ढसाढसा रडेल आणि नावाडी लोक तिला घरी नेतील.

ओळख पटण्याचा प्रसंग आठव. भरलेली सभा आहे, मुकुट समोर ठेवलाय, करड्या डोळ्यांचे म्हातारे सरदार रांगेत बसलेत. प्रधान विचारतो, तू कोणाची? शिंपली दोर मागते. कोणाला काही कळत नाही. एक शिपाई पडद्याचाच दोर काढून देतो, पडदा खाली येतो, लोक हसतात. ती भर सभेत दोर गुंडाळते, गाठ मारते आणि गाठ वर धरते. म्हणते, नदीवर जा आणि अशी गाठ कोण मारतं ते विचारा. एक सरदार तुझाच प्रश्न विचारतो, की जन्म कोणी दिला. ती म्हणते, ते मला माहीत नाही. आणि दोर परत त्या शिपायाला देते.

कट्ट्यावर यावरून अजून रणधुमाळी चालू आहे. अर्ध्या लोकांचं म्हणणं, सात खंड वाट बघायला लावून लेखिकेने हात झटकले. मला तसं वाटत नाही. एकाच खंडात सहाशेहून जास्त पानं लिहिणाऱ्या बाईला आणखी एक ओळ लिहिणं जड नव्हतं. तिने ती लिहिली नाही, कारण ज्या मुलीचा तो प्रश्न होता तिला उत्तर मिळालेलं होतं.

पैज लागू आहे. साक्षीदाराचंही तेच मत आहे. साक्षीदाराने आणखी एक विचारायला सांगितलंय, की तू जेवतोस का वेळेवर. हा प्रश्न पैजेच्या बाहेरचा आहे, उत्तर ऐच्छिक.

इंचपट्टी

२७ ऑक्टोबर

दादा,

काल वाचकांचा मेळावा झाला. मला बोलावलं होतं. श्रोत्यांत बसायला नव्हे, मंचावर.

सभागृह भरलं होतं. मागे लोक भिंतीला टेकून उभे होते. राजवंशवाले एका बाजूला, चेटकीणवाले दुसऱ्या, आणि होडीवालीच्या बाजूचे म्हणून जे आम्ही मोजके होतो ते पूर्वी दारापाशी बसायचो, कारण जागा तिथेच उरायची. काल पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर आमच्यासाठी चिठ्ठ्या लावलेल्या होत्या.

हेडमास्तर पहिल्यांदाच प्रत्यक्ष दिसले. कट्ट्यावर ज्या आवाजात लिहितात त्यावरून मला ते उंच वाटले होते. माझ्या खांद्याला लागतात. आवाज मात्र तोच. त्यांनी आपली यादी पडद्यावर लावली, सगळ्यांसमोर खडूसारख्या पांढऱ्या रेघेने अकरावी चूक खोडली आणि म्हणाले, “अकरावी चूक लेखिकेची नव्हती, माझी होती.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, सहा वर्षं मी तुमची टिंगल केली. आता तुम्ही माझी करा. सुरुवात आजपासून केलीत तरी चालेल.”

मी म्हटलं की बाविसावी चूकही तपासून घ्या, तीही टिकणार नाही.

दादा, सभागृह उठून उभं राहिलं. राजवंशवालेसुद्धा. टाळ्या थांबेनात. अशा वेळी हातांचं काय करायचं असतं हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी ते टेबलावर ठेवले. मला आनंद झाला. तो मी मोजला नाही.

मग एका मुलीने माइक मागून घेतला आणि विचारलं, “तुम्हाला हे सुचलं कसं? आम्ही सगळे डोळे नि तीळ बघत बसलो. तुम्ही हात का बघितले?”

हाच प्रश्न तू मला दुकानात किती वेळा विचारलास, आणि मी दर वेळी म्हणायची, निरीक्षण. तेच उत्तर मी कालसाठीही तयार ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: “आमच्या घरी असा एक माणूस आहे.”

ती मुलगी हसली, लोक हसले, पुढचा प्रश्न आला. मी उरलेला वेळ नीट बोलले असं सगळे सांगतात.

तू उजवा आहेस. लिहितोस उजव्याने, जेवतोस उजव्याने, चेंडू फेकायचास उजव्याने. पण स्क्रू-ड्रायव्हर तू डाव्या हातात धरतोस. सोडवलेले स्क्रू उजव्या हाताच्या करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात दाबून ठेवतोस आणि उरलेल्या तीन बोटांनी मशीन सांभाळतोस. जगात असं आणखी एकच माणूस करतं. ते डावखुरं आहे, आणि चालायला लागायच्या आधीपासून तू त्याच्या बाकाशेजारी बसलेला होतास. शिंपलीने पहिल्या खंडात दोर डावा गुंडाळला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मला तेव्हा एवढंच कळलं की हिला कोणीतरी शिकवलंय. तुला घरी आणलं तेव्हा तू दहा महिन्यांचा होतास हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं. त्यामुळे माझा सिद्धान्त पूर्वग्रहमुक्त आहे, हे नोंदवून ठेवते.

आता पत्त्याचं. तुमच्या कारखान्याने भरतकामाच्या मोठ्या मशीनची एक जाहिरात इंटरनेटवर टाकली आहे. त्यात एक कारागीर मशीनची खालची पट्टी उघडून दाखवतो. चेहरा नाही, आवाज नाही, फक्त हात. पहिला स्क्रू डाव्या हाताने सुटला. तो करंगळीत गेला. दुसरा तिथेच गेला. चौथ्या स्क्रूपर्यंत मला कारखान्याचा पत्ता शोधायची घाई झालेली होती.

आईने ज्या दिवशी तुला सगळं सांगितलं त्या दिवशी तू बाबांना म्हणालास, “दुकान तुमच्या रक्ताला द्या.” मी दारात उभी होते. बाबा काही बोलले नाहीत, सुईत दोरा ओवत राहिले. तू ते गप्प बसणं मनात धरून गेलास, असा माझा अंदाज आहे. दादा, ज्या मशीनवर ते दोरा ओवत होते त्या मशीनला सुईच नव्हती. ती त्यांनी आधीच काढून ठेवली होती.

आणि रक्ताचं म्हणशील तर ते माझ्यात आहे. मी स्क्रू उजव्या हाताने फिरवते आणि वाटीत ठेवते. वाटी दर वेळी उलटते. बाबांना ते बघवत नाही. मला दुकानात हात लावू देत नाहीत.

इंचपट्टी

८ नोव्हेंबर

दादा,

दुसरं कार्ड मिळालं. या वेळी सहा ओळी, म्हणजे दुप्पट. हेडमास्तरांची उंची वाचून तू हसलास हे कळलं. आईच्या प्रश्नाचं उत्तरही मी तिला वाचून दाखवलं. ‘जेवतो’ एवढ्याने तिचं भागलं नाही, काय जेवतोस ते तिला हवंय, पण ते ती स्वतः विचारेल.

शेवटची ओळ महत्त्वाची: ‘मी वाचायला बसलो तर बाबा मशीन चालू करणार नाहीत कशावरून?’

प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर अंदाजाने द्यायचं नाही असं मी ठरवलं आणि चाचणी घेतली.

मंगळवारी दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बाबा एका जुन्या मशीनचे दाते साफ करत होते. मी ती जाहिरात फोनवर लावली आणि काही न बोलता फोन त्यांच्या बाकावर तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला. पहिला स्क्रू सुटला तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला. स्क्रू करंगळीत गेला तेव्हा चष्मा लावला. शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, परत लाव. मी परत लावली. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच लावली. कशी लावायची ते त्यांना माहीत आहे हे मला माहीत नव्हतं.

मग म्हणाले, “चौथा स्क्रू जास्त आवळलाय. पट्टी वाकेल. सांग त्याला.”

मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

त्यांनी ब्रश उचलला, दोन दाते साफ केले. म्हणाले, “येऊ दे. सांगतो.”

मी विचारलं की मग आज सातवा खंड मी सुरू करू का, थोडासा. त्यांनी मशीनच्या बटणावर हात ठेवला. चालू केलं नाही, नुसता हात ठेवला आणि म्हणाले, “पैज तू जिंकलीस की तो?”

म्हणजे पैजेचं त्यांना सगळं ठाऊक आहे. आपण भांडत होतो तेव्हा ते बाकावरच होते, मशीन बंद होतं आणि कान उघडे होते. मी म्हटलं, मी. ते म्हणाले, “मग तू कशाला वाचतेस? हरलेल्याचं काम आहे ते.”

मी हसले. तेही हसले. ते हसले हे आईला जाऊन सांगितलं तर ती बाहेर बघायला आली, तोपर्यंत ते परत गंभीर झाले होते. तिचा माझ्यावर विश्वास बसलेला नाही. त्यांनी मात्र नंतर विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, “होडीवाली बरी आहे ना?” मी काही सांगितलं नाही. पैज पैज असते.

तर चाचणीचा निकाल असा: तू वाचायला बसलास तर मशीन बंद राहील.

आणखी काही गोष्टी. खंड सहाशे बारा पानांचा आहे. तू भरभर वाचतोस आणि लढाया आल्या की पानं गाळतोस, ते चालणार नाही, मी समोर बसणार आहे. बाबा मधे मधे थांबवतील. गिऱ्हाईकं येतील. एका रविवारात संपणार नाही, दोन-तीनमध्येही नाही. पैज लावली तेव्हा मी पानांचा विचार केला नव्हता, पण अट आता बदलता येणार नाही. तुझी खोली रिकामी आहे. त्यात माझ्या तुटलेल्या बोल्टांची खोकी होती, ती मी काल हलवली.

दुकानात तुझं स्टूल बाकाच्या उजव्या बाजूला होतं तिथेच आहे. एका पायाखाली पुठ्ठा घालायला लागतो. बाबांनी आज तो बदलला.

मी मेळाव्यात जिंकले, कट्ट्यावर जिंकले आणि तुझ्याशीही जिंकले. सिद्धान्त माझा असला तरी पुरावा तुझा होता, त्यामुळे निम्मी टाळी तुझी. ती इथे ठेवलेली आहे, येऊन घेऊन जा.

कोणत्या गाडीने येतोस ते शुक्रवार, २१ नोव्हेंबरपर्यंत कळव.

इंचपट्टी